ईदनंतरचा काटा

गेल्या वर्षी रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभी राहिले. दोन किलो जास्त! त्याआधीच्या पाच महिन्यांत मोठ्या कष्टाने पाच किलो उतरवले होते. अम्मीची साखर आणि तिच्या पायाची न भरणारी जखम घरात पाहिलेली. डॉक्टरांनी मलाही ‘शुगर काठावर आहे’ असे बजावलेले. तरी मनात आले, एवढे करून काय मिळाले? काटा पलंगाखाली गेला, चालायचे बूट माळ्यावर. बकरीदपर्यंत खरोखरच चार किलो वाढले.

बहिणींनो, नुकसान शिरखुर्म्याने नाही, माझ्या रुसव्याने केले.

हिशेब पाहा. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० जादा कॅलरी लागतात. दोन दिवसांत दोन किलो म्हणजे १५,००० च्या वर! चार घरच्या दावती खाल्ल्या तरी एवढे होत नाही. मग काटा का चढतो? गोडातली आणि भातातली साखर यकृतात व स्नायूंत साठते, आणि सोबत सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते. बिर्याणीतले मीठही पाणी अडवते. नेहमीच्या जेवणावर आलो की ते काही दिवसांत उतरते.

म्हणून भरपाईसाठी उपाशी राहू नका. संध्याकाळी दुप्पट खाल्ले जाते. साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळूच नका. पुढचे जेवण नेहमीचे घ्या. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी करा. कंबरही मोजा, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. आठवड्याला १५० मिनिटे चालायचे असते, पण एखाद्या दिवशी दहाच मिनिटे मिळाली तरी निघा. शाहू महाराजांनी वसवलेल्या आपल्या जयसिंगपुरात सरळ गल्ल्यांची काय कमी?

एक दिवस गृहपाठ चुकला म्हणून आम्ही मुलाचे नाव शाळेतून काढत नाही. स्वतःला मात्र लगेच काढून टाकतो. थोडेच, पण नेमाने केलेले काम अल्लाहला जास्त पसंत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते ताटालाही लागू आहे.

यंदाच्या ईदनंतरही काटा दीड किलो चढला. शिरखुर्मा मी मुलांसोबत पोटभर खाल्ला होता. संध्याकाळी शेजारच्या खालांना हाक मारली आणि बूट घातले.