कसब वहीत उतरवा

संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांची एक सवय आम्हा व्यापाऱ्यांनी घेण्यासारखी आहे. अडलेले काम सुटले की ते त्या चार-दहा ओळींचा कोड, आणि यंत्रावर काय कोणत्या क्रमाने बसवले याचे टिपण, जपून ठेवतात व इतरांनाही देतात. पर्ल भाषेच्या लोकांनी १९९५ साली सीपॅन हे सामाईक भांडार उघडले. २००८ पासून गिटहबवर 'गिस्ट' नावाने असे तुकडे वाटले जातात. पथ्येही आहेत : कोणत्या आवृत्तीवर चालले ते लिहावे, मूळ लिहिणाऱ्याचे नाव ठेवावे, पासवर्ड मात्र काढून टाकावा.

आणि आम्ही? जॉबर मागाची सेटिंग डोक्यात ठेवतो, रंगारी रंगाचे प्रमाण मुलालाही सांगत नाही. माणूस गेला की कसबही कबरीत जाते आणि माग उभा राहतो. वास्तविक छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर नक्षी नोंदवण्याची रीत जकार्डने १८०४ मध्ये मागावरच रूढ केली. संगणकवाल्यांनी ती पुढे उचलली.

गिऱ्हाईक आणि भाव खुशाल गुप्त ठेवावेत. पण हाताचे इल्म लिहून ठेवावे, शिकणाऱ्याला द्यावे. उपयोगी इल्म मागे ठेवणाऱ्याला मरणानंतरही सवाब पोहोचतो, असे आम्ही मानतो. मग वही कोरी का?