उमेदवाराची पारख

गेल्या पंधरवड्यांत एके सायंकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. शिक्षणानें खाणकामाचा अभियंता, आठ वर्षें नोकरी केलेला, आणि आतां नागपुरांतील एका खासगी कंपनीनें वरिष्ठ अधिकाऱ्याच्या जागेसाठीं मुलाखतीस बोलावलेला. आम्हां उमरेडकरांस खाणीचें नवल नाहीं. येथील खाण ज्या वेस्टर्न कोलफील्ड्सची, तिचा अध्यक्षदेखील सामान्यतः दिल्लीच्या सार्वजनिक उपक्रम निवड मंडळापुढें मुलाखत देऊनच निवडला जातो. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. वरच्या अधिकारपदांच्या मात्र राहिल्या.

त्याची अडचण निराळीच होती. वडिलांच्या आजारपणांत नोकरी सोडून त्यानें अकरा महिने घरीं काढले होते. अर्ज लिहून देणाऱ्या कोणा जाणत्यानें मागील नोकरीची अखेरची तारीख पुढें ढकलली, आणि अर्ज तसाच गेलाही होता. "गुरुजी, सगळेच असें करतात म्हणे," तो म्हणाला. मान मात्र खालीं होती.

आम्हीं कौटिलीय अर्थशास्त्र काढलें. अमात्य नेमण्यापूर्वीं त्याची पारख कशी करावी, हें पहिल्याच अधिकरणांत सांगितलें आहे. विद्या त्याच विद्येच्या जाणकारांकडून तपासावी; वक्तृत्व, धिटाई व समयसूचकता संभाषणांतून पाहावी; क्लेश सोसण्याची शक्ति संकटांत, शील सहवासांत राहिलेल्यांकडून, आणि शुचिता व्यवहारांतून ओळखावी. म्हणजे मुलाखतीनें कळतें तें यांतील एखादें-दुसरें कलम! आजच्या कंपन्या तरी याहून वेगळें काय करतात? जुन्या वरिष्ठांस दूरध्वनि जातो, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींत रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख असते. तेथें खोटी तारीख टिकणार कशी?

संभाषणावर फार भिस्त ठेवूं नये, हें सर्वोच्च न्यायालयानेंही १९८० सालीं अजय हसिया खटल्यांत सांगितलें. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशांत १५० पैकीं ५० गुण तोंडी परीक्षेस होते. शेंकडा १५ हून अधिक ठेवणें न्यायालयानें मनमानी ठरविलें. आम्हांस हें अनुभवानेंही ठाऊक आहे. एका शाळेच्या निवड समितीवर असतां एका उमेदवाराच्या सुश्राव्य संस्कृत उच्चारांवर आम्ही भाळलों, आणि पूर्वीच्या शाळेंत चौकशी करण्याचें राहून गेलें. गृहस्थ सहामाहीपूर्वींच, वह्या न तपासतां, चालते झाले. दोष आमचाच.

दुसऱ्या दिवशीं त्यानें कंपनीस दुरुस्तीचें पत्र पाठविलें. बोलावणें रद्द होईल अशी धास्ती त्याच्या घरीं होती, आणि ती खोटी नव्हती. तसें झालें नाहीं, तेव्हां दोन संध्याकाळ तयारी केली. त्या अकरा महिन्यांत अभ्यास करीत होतों, असें सांगण्याचा त्याचा विचार होता. "केलास काय?" "नाहीं." मग तेंही वगळलें. वडील आजारी होते, घरीं दुसरें कोणी नव्हतें. दोन वाक्यें पुरेत. पावसाळ्यांत खाणीच्या निसरड्या रस्त्यावर डंपर थांबविल्याची हकीकत त्यानें चांगली सांगितली, परंतु प्रत्येक वाक्यांत 'आम्ही'! 'आम्ही' म्हणण्याची सोय सदरलेखकास आहे, उमेदवारास नाहीं. निर्णय कोणाचा होता, त्या दिवशीं उत्पादन किती बुडालें, वरिष्ठ काय म्हणाले, हें सर्व त्याच्याकडून पुनःपुन्हा वदवून घेतलें.

बुधवारीं सकाळच्या एस. टी. नें तो गेला. पहिलाच प्रश्न त्या पत्राविषयीं होता, असें परत आल्यावर त्यानें सांगितलें. निकाल अद्याप यावयाचा आहे.