पूर्वग्रह कुणाचा?

पोटगीच्या एका दाव्यात नुकतीच मी साक्षीला उभी राहिले. नवऱ्याच्या वकिलांचा पहिलाच प्रश्न, ‘‘बाई, तुम्ही संघटनेत काम करता ना? म्हणजे आधीच बायकांच्या बाजूच्या!’’ चार वेळा घरी जाऊन तयार केलेला माझा अहवाल तिथेच संशयास्पद ठरला. त्याच्या सख्ख्या भावाची साक्ष झाली, त्याला मात्र असं कुणी विचारलं नाही.

हा डाव न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्या बाईवरही खेळला गेला आहे. १९७५ साली न्यूयॉर्कच्या फेडरल जिल्हा न्यायालयात, म्हणजे जिथे पुरावा पहिल्यांदा ऐकला जातो तिथे, सलिव्हन अँड क्रॉमवेल या बड्या वकिली फर्मविरुद्ध दावा चालू होता. नोकरी देताना फर्म बायकांना डावलते, ही एका वकील स्त्रीची तक्रार. न्यायाधीश होत्या कॉन्स्टन्स बेकर मॉटली. त्यांनी बाजूला व्हावं, अशी फर्मची मागणी. का? तर त्या कृष्णवर्णीय, त्यात बाई, आणि भेदभावाविरुद्ध लढलेल्या वकील.

मॉटलीबाई हटल्या नाहीत. वंश, लिंग, पूर्वायुष्य एवढ्यावरून न्यायाधीश दूर करायचा तर या न्यायालयात खटला ऐकायला कुणीच उरणार नाही, असं त्यांनी आदेशात बजावलं. खरंच आहे. लिंग काय फक्त बाईलाच असतं? गोऱ्या पुरुषालाही वंश असतो, लिंग असतं. फक्त त्याचा अनुभव तेवढा ‘तटस्थपणा’ म्हणून खपतो.

आणि ते पूर्वायुष्य तरी काय होतं? १९२१ साली न्यू हेवन इथे जन्म. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले. वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या क्लबांत स्वयंपाकी. १९४६ साली कोलंबियातून कायद्याची पदवी. १९५० मध्ये शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या ब्राऊन खटल्याचा मूळ दावा त्यांनी लिहिला. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथला मिसिसिपी विद्यापीठाचे दरवाजे उघडून दिले ते त्यांनीच लढलेल्या खटल्याने. सर्वोच्च न्यायालयात दहा खटले चालवून नऊ जिंकले. १९६६ च्या जानेवारीत अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांचं नाव सुचवलं, तर सिनेटच्या न्यायसमितीचे अध्यक्ष, मिसिसिपीचेच ईस्टलंड, आडवे आले. मंजुरीला ऑगस्ट उजाडला. अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय फेडरल स्त्री-न्यायाधीश! एवढ्या कामाला ‘पूर्वग्रह’ म्हणायचं, तर पात्रता कशाला म्हणायचं?

आता एक आपल्यातही बोलायला हवं. बाई न्यायाधीश आली की निकाल आपलाच, असं काहीजणी धरून चालतात. मला ते पटत नाही. १९७८ मध्ये मॉटलीबाईंनी यँकी स्टेडियमवरच्या खेळाडूंच्या खोलीत जाऊन मुलाखती घेण्याचा स्त्री-पत्रकारांचा हक्क मान्य केला, हे खरं. पण भेदभावाच्या अनेक दाव्यांत त्यांच्यापुढे वादी हरलेही. मला ते वाचून वाईट वाटलं. तरीही मी त्यांना ‘फितूर’ म्हणणार नाही. आपली बाई म्हणून निकाल मागायचा, आणि मग समोरच्या वकिलाच्या त्या प्रश्नावर चिडायचं, हे दोन्ही एकदम कसं जमणार?

अहवाल मी पुन्हा दाखल केला आहे. माहितीच्या रकान्यात एम.एस.डब्ल्यू.च्या खाली ‘स्त्री-संघटनेत नऊ वर्षं काम’ हेही लिहिलं. आमच्या वकीलबाई म्हणत होत्या, गाळा. मी गाळलं नाही.