ज्योत नसलेली पणती

अमेरिकेतल्या बऱ्याच अपार्टमेंट्समध्ये उघड्या ज्योतीची धास्ती असते, म्हणून दिवाळीत सेलवरच्या पणत्या सर्रास लावल्या जातात. भाजायची भीती नाही म्हणून त्या आपण रांगत्या बाळाच्या हातातही देतो. तेलाच्या पणतीपासून मूल लांब ठेवा, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. या पणतीच्या पोटातल्या चपट्या सेलबद्दल मात्र कुणीच बोलत नाही, आणि मला जास्त भीती त्याचीच वाटते.

नेहमीचा सीआर २०३२ सेल २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकेल अशाच मापाचा. सेल फुटून आतलं रसायन सांडतं, असं अनेकांना वाटतं, पण मुख्य धोका वेगळा आहे. अडकलेल्या सेलमुळे ओल्या ऊतींमधून वीज वाहते, पाण्याचं विघटन होतं आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. दिवा लागत नाही इतका उतरलेला सेलही हे करू शकतो, तेव्हा "संपलाय, खेळू दे" हे अजिबात नको.

टेक्सासमधली दीड वर्षांची रीस डिसेंबर २०२० मध्ये अशीच गेली. सेल रिमोटमधला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला: सेलचं झाकण लहान मुलाला सहज उघडता येऊ नये, वेष्टनावर इशारा असावा. कायदा चांगलाच आहे, पण तो विक्रीच्या नव्या मालापुरता. आजीने तुळशीबागेतून बॅगेत घालून आणलेल्या पणत्या, स्वयंपाकघरातला जुना वजनकाटा, गाणारं ग्रीटिंग कार्ड यांची तपासणी कोण करणार? आपणच. झाकण नखाने उघडत असेल तर ती वस्तू लहान मुलाच्या घरात नको.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट इमर्जन्सी गाठा. सुरुवातीला फक्त लाळ गळते, खोकला येतो, सर्दीच वाटते; वाट पाहू नका, उलटी करवू नका. मूल वर्षापेक्षा मोठं असेल, गिळू शकत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी १० मिलिलिटर मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. घरात मध नसेल तर शोधत बसू नका, निघा. राष्ट्रीय बॅटरी हेल्पलाइन: ८००-४९८-८६६६.

वापरलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावा आणि रीसायकलिंगला नेईपर्यंत डबी सर्वांत वरच्या फडताळात ठेवा.