घरचे बियाणे, गावची शाळा



जून उजाडला की कोरडवाहू कास्तकाराच्या घरात दोन पिशव्यांची चिंता एकदमच येते. एक सरकीची, दुसरी दप्तराची. गेल्या काही वर्षांत दुसरी पिशवी पहिलीपेक्षा जड झाली आहे. तालुक्याच्या गावाहून पिवळी गाडी येते, टाय घातलेली पोरे घेऊन जाते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट दरवर्षी चार-पाचने घटतो. मग एक दिवस पत्र येते की पट कमी आहे, शाळा बंद करून मुले दुसरीकडे पाठवा. जिल्ह्याच्या बैठकीत कापसाच्या भावाइतक्याच जोराने हा विषय बोलला गेला पाहिजे, म्हणून हे लिहितो आहे.

हिशोब मांडू

समजा, तालुक्याच्या इंग्रजी शाळेची फी वर्षाला १८ हजार. गाडीभाडे महिना ८०० प्रमाणे दहा महिन्यांचे ८ हजार. गणवेश, बूट, शाळेतूनच घ्यावी लागणारी वह्या-पुस्तके ४ हजार. झाले ३० हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये जाहीर झाला. म्हणजे एका पोराच्या एका वर्षासाठी पावणेचार क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरात चार क्विंटल निघाला तर आपण बरे वर्ष म्हणतो. एका पोरामागे एक एकर गेले. दोन पोरे असतील तर दोन एकर. वेचाई, खत आणि फवारणीचे पैसे कुठून द्यायचे ते ज्याचे त्याने बघावे. आणि हा हिशोब हमीभावाचा आहे. व्यापाऱ्याच्या काट्यावर काय मिळते ते तुम्हाला मी सांगायला नको.

शिवाय कापूस घरात येतो दिवाळीनंतर आणि फी मागतात जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर. ती जाते कृषी केंद्राच्या उधारीतून, सोसायटीच्या कर्जातून, नाहीतर बायकोच्या डोरल्यातून. मग पैसा अपुरा पडला की कात्री कुणाला लागते? पोरीला. पोरगा गाडीत बसतो आणि पोरगी गावच्या शाळेत जाते. ज्या घरात पोरीसाठी 'चालेल' म्हणतात ती शाळा बंद पडली, की पोरीचे शिक्षणच बंद पडते. कारण पाच किलोमीटरवर तिला एकटी पाठवायला आपलीच हिंमत होत नाही.

काळीचे रान आणि बरड

कोणी म्हणेल, पैसे जातात हे खरे, पण पोर शिकते ना? मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे, म्हणून प्रयोगाच्या भाषेत सांगतो. एका वाणाचे पीक काळीच्या ओलिताच्या रानात घ्यायचे, दुसऱ्याचे बरडावर घ्यायचे आणि पहिला वाण सरस म्हणायचे, असे कोणी केले तर तुम्ही हसाल. खासगी शाळेत कोणाची पोरे जातात? ज्याच्या घरी चार पैसे आहेत, ज्याचे आईबाप शिकलेले आहेत, जो वर शिकवणीही लावतो त्याची. फरक वाणाचा किती आणि रानाचा किती, हे आधी पाहिले पाहिजे.

असे पाहणारा एक मोठा प्रयोग आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत २००८ पासून झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. सरकारी शाळेतल्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकल्या, ज्यांची निघाली त्यांची खासगी शाळेची फी भरली. रान एकच, वाण दोन. चार वर्षांनी परीक्षा घेतली तेव्हा तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. हिंदीत खासगीची मुले पुढे होती, कारण सरकारी शाळेत तो विषय शिकवलाच जात नव्हता. खासगी शाळेचा मुलामागचा खर्च पुष्कळ कमी होता, हेही त्यात दिसले. पण तो कमी का होता? तिथल्या मास्तरचा पगार सरकारी मास्तरच्या पगारापुढे काहीच नव्हता म्हणून. आपल्याकडेही तेच आहे. इंग्रजी शाळेत चार-सहा हजारांवर राबणारा तो मास्तर म्हणजे डी.एड., बी.एड. केलेला आपलाच पोरगा. बापाचा कापूस स्वस्तात घ्यायचा, पोराची मेहनत स्वस्तात घ्यायची आणि नातवाची फी मात्र रोख घ्यायची, असा हा धंदा आहे.

गावची शाळा निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या १०० मुलांपैकी सुमारे ४५ मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे. पण त्याच पाहणीत खासगी शाळांचा आकडाही ६० च्या आतच आहे. म्हणजे एक एकर कापूस मोजूनसुद्धा १०० पैकी ४० पोरे कोरीच राहतात, आणि बापाला ते कळत नाही, कारण वही इंग्रजीत असते.

नांदेड-४४ आठवते का?

तुमच्यातल्या पन्नाशीच्या लोकांना नांदेड-४४ आठवत असेल. विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने काढलेला संकरित वाण. तुडतुड्यांना दाद न देणारा, कोरडवाहूत साथ देणारा. २००२ मध्ये बीटी कापूस आला. सरकारी वाणांत ते जनुक वेळेवर आले नाही, आणि बघता बघता सरकारी वाण दुकानातून हटले. स्पर्धेला कोणी उरले नाही तेव्हा ४५० ग्रॅमची पिशवी १६०० रुपयांच्या वर गेली. २००६ मध्ये आंध्र सरकार एकाधिकार आयोगाकडे गेले, तेव्हा कुठे ती ७५० वर उतरली.

आता दुसरीकडे बघा. मोहोळच्या सरकारी केंद्राने स्वातंत्र्यापूर्वी निवडलेली मालदांडी आजही रब्बीला तुमच्या रानात उभी आहे. बी घरचे, भाकरी घरची, कडबा घरचा. कोणी कंपनी तुम्हाला मालदांडीवरून वेठीला धरू शकत नाही.

गावची शाळा ही आपली मालदांडी आहे. ती जिवंत आहे तोवर तालुक्याच्या शाळेला फी वाढवताना दहा वेळा विचार करावा लागतो. ती मोडली की पिशवीचा भाव तो ठरवेल आणि आपण रांगेत उभे राहू.

'सरकारी' कशी? ती तर आपली

काही कार्यकर्ते विचारतात, आपण जन्मभर सरकारच्या नावाने बोटे मोडली, मग सरकारी शाळेचा पुळका कशाला? भावांनो, शाळा सरकारची आहे हे सांगितले कोणी? इंग्रजी राज्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड कापत आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडले की पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण वरच्यांच्या पोरांना. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी त्यांनी तेव्हा केली. ते सक्तीचे आणि मोफत शिक्षण शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ च्या सुमारास करून दाखवले. १९१९ मध्ये कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था काढली. ही शाळा आपल्या आज्यापणज्यांनी मिळवलेली आहे. सातबारा आपला असताना तलाठ्यावर रागावून रान सोडून देतो का आपण?

आणि सरकारला तर ती नकोच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आत पट असलेल्या सुमारे १३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळा गोळा करून 'समूह शाळा' करण्याची टूम निघाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला की जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेने गरिबांच्या २५ टक्के जागा देऊ नयेत. तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. एका हाताने गावची शाळा बंद करायची आणि दुसऱ्या हाताने शहरच्या शाळेचे दारही लावून घ्यायचे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणाला द्या म्हटले. २०२० च्या धोरणातही तेच ६ टक्के लिहिले आहेत. इतक्या वर्षांत आकडा तोच राहिला आणि पैसाही आला नाही.

मास्तरलाही बोलले पाहिजे

जो मास्तर तालुक्याला राहतो, अकराला येतो, चारला जातो आणि स्वतःचे पोर कॉन्व्हेंटला घालतो, त्याची बाजू घ्यायला मी उभा नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी शाळेत घालावीत. निकाल कागदावर राहिला, पण तो खराच होता. साहेबाचे पोर ज्या बाकावर बसेल त्या खोलीचे छप्पर गळणार नाही. मात्र चार वर्गांना एक मास्तर, वर याद्या, ऑनलाइन माहिती आणि खिचडीचा हिशोब, हेही डोळ्यांनी बघा. एका बैलावर दोन बैलांचा नांगर चालत नाही.

आणि मास्तर कामाचा असला तर काय होते तेही बघा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ही शाळाही खेड्यातलीच, आपल्यासारखीच.

काय करायचे

१. प्रत्येक गावात शाळा व्यवस्थापन समिती कायद्याप्रमाणे आहे का ते तपासा. शिक्षणहक्क कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका हव्यात. सरपंचाचे चार चमचे म्हणजे समिती नव्हे.

२. ३० मुलांमागे एक शिक्षक हा कायदा आहे. रिकाम्या जागांची यादी करून जिल्हा परिषदेवर धडक द्या.

३. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. ती हलवण्याचे पत्र आले तर ग्रामसभेचा विरोधाचा ठराव करा.

४. समितीने दर महिन्याला चौथी-पाचवीच्या पोरांना उभे करून वाचून घ्यावे. निरक्षर आईलाही पोर अडखळते ते कळते, कारण शाळा मराठी आहे.

५. इंग्रजी हवीच, पण ती गावच्या शाळेत नीट शिकवा, अशी मागणी करा.

आणि शेवटचे, आपल्या कार्यकर्त्यांसाठी. ज्याने शाळा वाचवण्याच्या मोर्चात यायचे, त्याने आपले पोर आधी त्या शाळेत घालावे. पट वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय कोणत्याही कृषी केंद्रात मिळत नाही.