‘बेंच’वर बसवलं तरी पगार द्यावाच लागतो

शाळेत आपण बेंचवर बसायचो, खोडी केली की बेंचवर उभे राहायचो. क्रिकेटमध्ये राखीव खेळाडू बेंचवर. हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ, तेही बेंचच. रेडमंडला आलात की या शब्दाचा आणखी एक अर्थ कळतो. क्लायंटकडचं काम संपतं आणि कन्सल्टन्सी सांगते, “सध्या तू बेंचवर. पगार नवीन प्रोजेक्ट मिळाल्यावर.”

मित्रांनो, हे मुकाट्याने ऐकून घेऊ नका. पुण्यात बेंचवरच्या माणसाचा पगार सुरू असतो, मग इथेच बेंच बिनपगारी कसा? एच-१बीवाल्याला काम नाही म्हणून बसवलं, तरी एलसीएमध्ये ठरलेला पगार द्यायचा, असं अमेरिकेचा कायदा १९९८ पासून सांगतो. नको असाल तर मालकाने रीतसर काढावं, सरकारला कळवावं आणि परतीच्या प्रवासाचा खर्च द्यावा.

अपवाद: तुम्ही स्वतःच्या कारणासाठी रजा मागितली किंवा नोकरीशी संबंध नसलेल्या कारणामुळे काम करू शकत नसाल तर. म्हणूनच ‘मी स्वतःहून सुट्टी घेतोय’ असा कागद कुणी पुढे सरकवला, तर सही करू नका.

एलसीए, पे-स्लिप, ईमेल जपून ठेवा. कामगार खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे डब्ल्यूएच-४ फॉर्म भरून तक्रार करता येते. फी नाही, मुदत १२ महिने. तक्रार केली म्हणून छळणं हेही बेकायदेशीर आहे.

‘बेंच’ हा त्यांचा शब्द आहे. कायद्याच्या भाषेत त्याला थकवलेला पगार म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा.