मला विचारायचं राहून गेलं

डॉक्टर मॅडम यांस,


तुम्हाला मी आठवणार नाही. त्या रात्री लेबर रूममधलं एकही टेबल रिकामं नव्हतं आणि डॉक्टर म्हणून तुम्ही एकट्या होता. माझ्या मुलीच्या मानेला नाळेचा वेढा होता. तो तुम्ही ज्या शांतपणानं सोडवलात ते मी जन्मभर विसरणार नाही. हे पत्र लिहायला उशीर झाला तोही त्यामुळेच. ज्याचे उपकार, त्याच्यापुढे तक्रारीला तोंड उघडत नाही.

वार पडल्यावर तुमचा हात पुन्हा आत गेला. पोटात खोलवर काहीतरी टोचल्यासारखी कळ आली, बाळंतकळांपेक्षा वेगळी. मी विचारलं, "मॅडम, काय करताय?" तुम्ही म्हणालात, "साफ करतेय. हलू नकोस." मावशींनी माझा गुडघा दाबून धरला.

बारशाच्या आदल्या दिवशी लसीची तारीख बघायला फाईल काढली, तर आतून एक छोटं कार्ड पडलं. कॉपर-टी ३८०ए. बसवल्याची तारीख मुलीच्या जन्माची, मुदत १० वर्षं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं कार्ड चुकून आलं असेल, असं वाटलं. पण नाव माझंच होतं.

नवऱ्याला विचारलं. म्हणाला, "सिस्टर बाहेर आल्या होत्या. पाळणा लांबवायचाय ना, मग इथं सही करा, म्हणाल्या. मला वाटलं, आत तुला विचारलंच असेल." त्याच्याशी व्हायचं ते भांडण झालं, आमचं आम्ही निस्तरलं. पण तो बाहेर बाकावर होता आणि मी दाराच्या आत. पिशवी माझी. सिस्टरना माझ्या टेबलाजवळून उठून, दार उघडून, बाहेरच्या माणसाला विचारून यायला वेळ मिळाला. मला विचारायला तर जागचं हलायचीही गरज नव्हती.

गैरसमज नको. मी तांबीच्या विरोधात नाही. आम्हाला दुसरं मूल इतक्यात नकोच होतं. तांब्याची तार गुंडाळलेली ती प्लॅस्टिकची काडी. तिच्यात हार्मोन नसतात, अंगावरच्या दुधाला बाधा येत नाही आणि नको वाटेल तेव्हा काढता येते, हे मला ठाऊक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, चार बायकांना मीच हे समजावून सांगते. नववा महिना लागल्यापासून दर तपासणीला तुमच्याच दवाखान्याच्या बाकावर तासन्‌तास बसले. तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी हो म्हणाले असते. हेच मनाला लागलंय. जे मी आपणहून दिलं असतं, ते तुम्ही न विचारता घेतलंत.

पुढे कार्ड घेऊन तुमच्याकडे आले. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "काही त्रास आहे का?" तसा नव्हता. पाळी थोडी जास्त जात होती, एवढंच. "मग तक्रार कसली? बाहेर याचे पैसे मोजावे लागतात. मिस्टरांची सही आहे." आणि पुढच्या बाईला हाक मारलीत. सरकारच्याच सूचना सांगतात की तांबीची माहिती गरोदरपणात द्यावी, ऐन कळांत संमती घेऊ नये आणि संमती त्या बाईची हवी. नवऱ्याच्या सहीची त्यात अट नाही. हे मी तुम्हाला शिकवावं असं नाही, तुम्हाला पाठ असेल.

बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी निसटून पडण्याचा संभव जास्त, म्हणून सहा आठवड्यांनी दाखवायला यायचं असतं. जिला बसवलीय हेच माहीत नाही, ती काय दाखवायला येणार? माझ्या नवऱ्याला निदान सही कशावर केली ते आठवत होतं. ज्याला आठवणार नाही, त्याच्या बायकोनं दुसऱ्या मुलासाठी किती वर्षं उपास करायचे, किती देवांना नवस बोलायचे? आणि सासरच्यांचे टोमणे तिनं कुणाच्या खात्यावर मांडायचे?

अशा प्रत्येक तांबीमागे आशाताईंना प्रसूतीला सोबत आल्याबद्दल दीडशे रुपये मिळतात, बसवणाऱ्यालाही तेवढेच. त्या दीडशे रुपयांसाठी तुम्ही हे केलंत असं मी म्हणणार नाही, मला तसं वाटतही नाही. पण मार्च जवळ आला की आकड्यांची घाई कशी होते, हे शाळेत काम करणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. १९६५ मध्ये सरकारनं लूप आणला, तोही असाच घाईत बसवत सुटले. रक्तस्राव झाला, त्याचं उत्तर द्यायला कुणी नव्हतं, मग अफवा पसरल्या आणि बायका दवाखान्याकडे फिरकेनाशा झाल्या. आमच्याकडे अजून म्हणतात, तांबी काळजापर्यंत चढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात तांबी वापरणाऱ्या विवाहित बायका शंभरात जेमतेम दोन निघाल्या. आणि नसबंदी केलेले पुरुष? ०.३ टक्के. बाहेर सहीला बोलावलेल्या माणसाला, तुम्ही काय करणार, असं त्या रात्री कुणी विचारलं नाही, हे ओघानं आलंच.

तांबी मी काढलेली नाही. ती राहू दे, तो माझा निर्णय आहे, आता तरी. मात्र अर्ज करून केसपेपरची नक्कल मिळवली. त्यावर 'समुपदेशन केले' असा शिक्का आहे, शिक्क्याखाली तुमची सही आणि वेळ, पहाटे ४.१०. त्या वेळी मी टेबलावर होते, ओरडत होते. मॅडम, तो शिक्का खोडा, शेजारी खरं काय ते लिहा आणि खाली तारीख घाला. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी मी दवाखान्यात येईन.

आपली,
त्या रात्रीची एक पेशंट